आत्याचं बीपी आणि तिची फिटची गोळी

वाईच्या बाजारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि हे मिळून सांभाळतो. भिंतीवर लावलेलं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र माझं आहे. बीपीच्या गोळ्या आमच्याकडून दिवसभर जात असतात. फिटच्या गोळ्या नेणारी माणसं त्या मानाने थोडी, पण वर्षानुवर्षं तीच. आणि ज्याला दोन्ही लागतात तो माणूस दोन्ही एका दुकानातून सहसा नेत नाही. बीपीची गोळी गावात, ओळखीच्या दुकानातून. फिटची गोळी साताऱ्याहून किंवा पुण्याहून, जिथे त्याला नावाने कुणी ओळखत नाही तिथून. दोन्ही गोळ्या रोज एकाच पोटात जातात, पण एकत्र अशा कुणाच्याच नजरेला पडत नाहीत.

माझ्या आत्याचं तेच झालं. हे लिहू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "लिही की. माझं नाव तेवढं घालू नकोस." तेव्हा नाव नाही, गावही नाही.

आत्याला लहानपणापासून फिट येतात. नववीत शाळा सुटली ती त्यामुळेच. कार्बामाझेपिन सुरू झालं आणि फिट आटोक्यात आल्या. सकाळी ४००, रात्री ४०० मिलिग्रॅम, असं ती कित्येक वर्षं घेत होती आणि मधल्या काळात एकही फिट आली नव्हती. साठी उलटल्यावर बीपी निघालं. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तिला तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे घेऊन गेला, तिथे अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झालं. महिन्याने बीपी १६०/९६. गोळी १० ची केली. पुढच्या खेपेला १५८/९४. डॉक्टरांनी साहजिकच विचारलं, गोळ्या वेळेवर घेता का, खाण्यात मीठ किती असतं. आत्याने लोणचं, पापड, सुकट सगळं बंद केलेलं. गोळी तर ती देवपूजेइतकी नेमाने घेणारी. तरी आकडा हलत नव्हता, आणि बिचारीला वाटायला लागलं की आपलंच पथ्य कुठेतरी कमी पडतंय.

पथ्य कमी पडत नव्हतं. तिचं यकृत बीपीच्या गोळीचा बराचसा भाग काम होण्याआधीच मोडून टाकत होतं, आणि यकृताला ती सवय फिटच्या गोळीने लावली होती.

आपल्या यकृतात औषधं मोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. त्यातलं एक फार महत्त्वाचं, त्याला सीवायपी-३ए४ म्हणतात. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, फेलोडिपिन, सिल्निडिपिन, म्हणजे नावाच्या शेवटी 'डिपिन' असलेलं बीपीच्या औषधांचं अख्खं कुटुंब याच वाटेने मोडलं जातं. आणि कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन ही फिटची जुनी औषधं यकृताला हेच विकर जास्त बनवायला लावतात. उसाच्या फडात तोडीची जादा टोळी उतरवली तर ती कुणाचा ऊस हे बघत बसत नाही, पुढ्यात येईल तो तोडत जाते. तसं हे जादा विकर पुढ्यात आलेलं बीपीचं औषधही मोडतं. हे एका दिवसात होत नाही. फिटचं औषध सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत विकराचं प्रमाण चढत जातं, आणि औषध बंद केल्यावर मूळपदावर यायलाही जवळजवळ तेवढाच काळ लागतो. कार्बामाझेपिन तर स्वतःलाही जास्त वेगाने मोडून घेतं. म्हणूनच सुरुवातीला बसवलेला डोस महिन्याभरात अपुरा वाटतो आणि डॉक्टर तो वाढवतात.

किती फरक पडत असेल? १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फेलोडिपिनबद्दल एक अभ्यास छापून आला होता. फिटची ही जुनी औषधं घेणाऱ्यांच्या रक्तात फेलोडिपिन निरोगी माणसांच्या तुलनेत एक दशांशाहूनही कमी सापडलं. म्हणजे गोळी गिळली, पैसे गेले, आणि अंगी जवळपास काहीच लागलं नाही. अ‍ॅम्लोडिपिनचं एवढं टोकाचं होत नाही आणि माणसागणिक फरकही असतो. कुणाला डोस वाढवून भागतं, कुणाला औषधच बदलावं लागतं. पण बीपी हटत नाही असं दिसलं की फिटच्या गोळीचा विचार यादीत वर हवा.

हा सगळा घोळ जुन्या औषधांचा आहे, मग ती अजून का देतात, असं दुकानात मला विचारतात. कारण ती काम करतात. फेनोबार्बिटोनचा फिटवरचा गुण आल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये नोंदवला. तो ते रुग्णांना झोप लागावी म्हणून देत होता आणि त्याच्या लक्षात आलं की यांच्या फिट कमी होताहेत. फेनिटोइन १९३८ मधलं, बोस्टनच्या मेरिट आणि पुटनम यांचं. ही औषधं स्वस्त आहेत, आणि घरचं एक माणूस जन्मभर गोळ्या घेणार असेल तर किंमत ही लहान गोष्ट नाही. त्यांच्यावर लाखो लोकांचे संसार नीट चालले आहेत, आत्याचंही अर्धं आयुष्य त्यातल्याच एकावर निभावलं. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांच्या शेजारी दुसरी कुठली गोळी येऊन बसते आहे ते मात्र कुणीतरी बघायला हवं.

आत्याच्या बाबतीत कुणी बघितलं नाही, कारण बीपीच्या डॉक्टरांना फिटचं सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत का?" दादा म्हणाला, "नाही, कधीतरी ॲसिडिटीची घेते." त्याने मुद्दाम खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात आत्याच्या फिटबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही ही चाल आजीपासूनची. स्थळं बघायच्या दिवसांत ती पडली आणि पुढे कुणी मोडली नाही. आणि ती भीती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येण्याचा उल्लेख वेडाच्या झटक्यांच्या बरोबरीने होता, अशा व्यक्तीचं लग्न रद्द ठरवून मागता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने फिटचा उल्लेख काढला. तोवर आत्याचं लग्नाचं वय कधीच मागे पडलं होतं. कायद्यातून गेलं तरी घरातून जायला वेळ लागतो, आणि तोवर आत्याची गोळी सुपारीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून, कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली.

पुढचं जे झालं ते मला अजून आठवतं तेव्हा पोटात कालवतं.

दोन खेपा झाल्या, बीपी उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिसऱ्या खेपेला क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम जोडलं. हे लघवी वाढवणारं औषध, बीपीसाठी चांगलं आणि जुनं. त्यांच्यासमोर जी माहिती होती त्यावरून निर्णय बरोबरच होता. पण कार्बामाझेपिनचा आणखी एक गुण आहे. ते शरीराला पाणी धरून ठेवायला लावतं, त्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ होतं. ऑक्सकार्बाझेपिन म्हणून त्याचं भावंड आहे, ते याबाबतीत त्याच्याहून पुढे. आणि क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही औषधं सोडियम लघवीवाटे बाहेर काढतात. एकाने पाणी अडवायचं, दुसऱ्याने सोडियम सोडायचं. वयस्कर, बारीक अंगाच्या बाईला हे दोन्ही एकदम सुरू झालं तर रक्तातलं सोडियम झपाट्याने खाली येऊ शकतं. आत्या म्हणजे हाडाची काडी. दिवस एप्रिलचे, आणि शेजारणी सांगत होत्या की उन्हाळा आहे, पाणी भरपूर पी.

पहिल्यांदा जेवणाची वासना गेली. मग मळमळ. मग ती दुपारी झोपायला लागली, जी कधीच दुपारी आडवी होत नाही. फोनवर माझ्याशी बोलताना शब्द शोधत होती. "ते आपलं… ते… भांडं" असं म्हणाली आणि थांबली, तिला कुकर म्हणायचं होतं. मी दादाला म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे ने. घरचे म्हणत होते वय झालं, ऊन लागलं, पित्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तिला फिट आली. किती वर्षांनी!

दादाने तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघितलं. कुणीतरी कांदा फोडून आणला तो त्याने बाजूला ठेवायला सांगितला. एवढं त्याला लहानपणापासून माहीत होतं आणि ते त्याने नीट केलं. फिट थांबली, पण ती शुद्धीवर आल्यासारखी वाटेना. साताऱ्याला दवाखान्यात नेलं. मी वाईहून थेट तिथे पोचले.

दादाच्या हातात बीपीची फाइल होती. तेवढीच. निवासी डॉक्टर, अगदी तरुण मुलगी, विचारत होती की आधी कधी फिट आली होती का. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी आत्याच्या पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला, रुमाल सोडला आणि कार्बामाझेपिनचं पाकीट फाइलवर ठेवलं. शेजारी क्लोरथॅलिडोनचं ठेवलं. ती मुलगी दोन्ही पाकिटं बघून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, सोडियम पाठवलंय का कुणी?" पाठवलं होतं. रिपोर्ट आला, ११८. नेहमीचं १३५ ते १४५ असतं.

तेवढ्यात दादाने अगदी कळवळून विचारलं, "फिट आली म्हणजे फिटची गोळी कमी पडली ना? वाढवू या का?" कुणालाही तसंच वाटेल. मलाही तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण घराघरांत हेच होतं. कार्बामाझेपिन वाढवलं असतं तर सोडियम आणखी उतरलं असतं आणि पुढची फिट ओढवून घेतली असती. सोडियम इतकं खाली गेलं की मेंदूच्या पेशींना सूज येते आणि ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही अशा माणसालाही ती येऊ शकते. आत्याची ती फिट तिच्या जुन्या आजाराने आली नव्हती. एका गोळीचा परिणाम झाकायला दुसरी, दुसरीचा झाकायला तिसरी, अशी ती साखळी होती. फिटच्या गोळीने बीपीची गोळी खाल्ली, म्हणून लघवीची गोळी आली, तिने सोडियम नेलं, म्हणून फिट आली.

क्लोरथॅलिडोन त्याच क्षणी बंद झालं. सोडियम मात्र सावकाश चढवलं. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, कारण घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त काढत होते आणि आत्याचे दोन्ही हात काळेनिळे झाले होते. घरी मिठाचं पाणी पाजत बसायचं हे दुखणं नव्हे, हे इथे ठळक सांगते. दोन दिवसांनी तिने मला "दुकान कुणावर टाकून आलीस?" असं विचारलं तेव्हा मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले.

मग न्यूरॉलॉजिस्टनी औषध बदललं. हा भाग मला विस्ताराने सांगायचा आहे, कारण यातही एक खड्डा आहे.

फिटची कुठलीही गोळी एकदम बंद करायची नाही. एकदम बंद केली तर फिटमागून फिट येत राहून जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी लेव्हेटिरासेटाम सुरू केलं, ते अंगी लागलं असं वाटल्यावर कार्बामाझेपिन काही आठवड्यांत उतरवत नेलं. लेव्हेटिरासेटाम यकृताला धक्का लावत नाही, मुख्यतः लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे बीपीच्या गोळ्यांशी त्याचं भांडण जवळपास नाही. मूत्रपिंडं थकलेली असतील तर डोस कमी करावा लागतो. काहींची चिडचिड वाढते. आत्याचीही थोडी वाढली, पण पहिल्या महिन्या-दीड महिन्यात निवळली.

आता खड्डा. कार्बामाझेपिन गेलं की यकृतातलं जादा विकर हळूहळू कमी होतं. इतके दिवस जे अ‍ॅम्लोडिपिन निम्म्या वाटेत मोडलं जात होतं ते आता पूर्ण रक्तात पोचायला लागतं. डोस तोच, १० मिलिग्रॅम, पण काम जास्त. आणि हे लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसतं, तोवर सगळे निर्धास्त झालेले असतात. आत्याला सकाळी अंथरुणातून उठताना भोवळ यायला लागली, संध्याकाळी पाय सुजायला लागले, चपलेचा पट्टा पायावर रुतायचा. बीपी १०४/६०. मी न्यूरॉलॉजिस्टकडून निघतानाच घरी बीपीचं मशीन दिलं होतं आणि दादाच्या मुलीला वहीत सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला बसवलं होतं, म्हणून ते वेळेत कळलं. ती वही घेऊन दादा बीपीच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्या दिवशी त्याने पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ वर आणलं, पुढे ते काढून टेल्मिसार्टन ४० दिलं. आता तिचं बीपी १३० च्या आसपास असतं. जे दोन गोळ्यांनी होत नव्हतं ते एका गोळीने झालं.

उलट दिशेनेही अपघात होतो, तो थोडक्यात सांगते. आमच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना फिट कधीच नाहीत. त्यांच्या गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची, दात घासवेना, घास चाववेना. त्या मज्जातंतूच्या दुखण्यावरही कार्बामाझेपिनच देतात. त्यामुळे फिटची औषधं कोण घेतं हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पुढे त्यांना हृदयासाठी डिल्टियाझेम सुरू झालं. आठवड्याभरात ते दुकानात आले ते भिंतीला धरून. म्हणाले, "रस्त्यावरचा एक दिवा मला दोन दिसतोय हो, आणि पाय भलतीकडेच पडतात." डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही दोन बीपीची आणि हृदयाची औषधं तेच ३ए४ विकर अडवतात. मग कार्बामाझेपिन मोडलं जात नाही, रक्तात साचत जातं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९८६ मध्येच व्हेरापामिलबाबत हे लिहून ठेवलं आहे, पातळी जवळपास दीडपट चढलेली. एकाचे दोन दिसणं, झोकांड्या, मळमळ, गुंगी ही त्या साचण्याची लक्षणं. सरांच्या मुलाला मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला आणि त्यांनी त्याच दिवशी डिल्टियाझेम बदललं. सरांना तोवर सगळे सांगत होते की मानेचा मणका असेल.

हेच विकर अडवणारं एक फळही आहे, ग्रेपफ्रूट. आपल्याकडे ते फारसं कुणी खात नाही, पण पपनस त्याच कुळातलं, आणि कोकणात गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला ते हवंच. ही गोष्ट सापडली तीही फेलोडिपिनमुळेच. कॅनडातले डेव्हिड बेली दारूचा आणि फेलोडिपिनचा संबंध तपासत होते, दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध भलतंच जास्त निघालं. एकाच औषधावर या विकराची दोन टोकं उलगडली, एकीकडे फिटच्या गोळीने जवळजवळ नाहीसं होणारं आणि दुसरीकडे फळाच्या रसाने फुगणारं. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत १९९८ साली फिटच्या रुग्णांवरच पाहिलं गेलं की ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेतलेलं कार्बामाझेपिन सुमारे चाळीस टक्के जास्त मिळतं. प्रसादाच्या दोन फोडींनी कुणाला काही होईल असं मी म्हणत नाही. पण कार्बामाझेपिन घेणाऱ्याने रोज पपनसाचा रस काढून पिऊ नये, एवढं मी सांगतेच.

बाकीच्या जोड्या पटापट सांगते. प्रोप्रॅनोलोल आणि मेटोप्रोलोल ही बीपीची औषधं (यांना बीटा ब्लॉकर म्हणतात) यकृतात मोडतात, जुन्या फिटच्या औषधांनी त्यांचा जोर कमी होतो. अ‍ॅटेनोलोल मूत्रपिंडावाटे जातं, त्याला फारसं काही होत नाही. लिसिनोप्रिल या बीपीच्या गोळीचंही तसंच. फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीचा परिणाम फेनिटोइन घेणाऱ्यांत उतरलेला दिसतो. टोपिरामेट हे फिटचं औषध घेणाऱ्याला हायड्रोक्लोरोथायझाइड दिलं तर टोपिरामेटची पातळी चढते आणि पोटॅशियम दोघं मिळून खाली आणतात. लॅकोसामाइड हेही फिटचंच, ते हृदयातल्या विद्युतवहनाचा वेग थोडा मंदावतं, म्हणून बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम आधीपासून चालू असेल तर ईसीजी काढून मगच ते सुरू करतात. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध यकृताला वेगाने मोडायला लावत नाही, ते त्या टोळीत नाही.

आता पाकीट कसं वाचायचं ते. टेल्मिसार्टनच्या गोळ्यांत नावापुढे इंग्रजी अक्षरं असतात. एच असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी किंवा सीएच असेल तर क्लोरथॅलिडोन, एएम असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. माणूस सांगतो, "मी टेल्मिसार्टन घेतो," आणि एच म्हणायचा राहतो. तेच एक अक्षर आत्याला दवाखान्यात घेऊन गेलं असतं, तिला ती गोळी वेगळी मिळाली एवढाच फरक. अक्षरांवर विसंबू नका, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात ते वाचा. आणि गोळ्या कापून मागताना पाकिटाचा नाव-तारखेचा तुकडा दुकानदाराकडे राहतो आणि तुमच्या हातात नुसती चंदेरी पट्टी येते, तसं घेऊ नका. दवाखान्यात त्या पट्टीवरून कुणालाच काही कळत नाही. आमच्याकडे मी अशा वेळी छोट्या कागदी पाकिटावर नाव, डोस लिहून देते. तुमच्या दुकानदाराला सांगा, तोही देईल.

फिटची गोळी दुसऱ्या गावातून आणत असाल तर जरूर आणा, त्याला माझी काही हरकत नाही. पण बीपीच्या डॉक्टरांच्या टेबलावर ती ठेवा. डॉक्टर गावात कुणाला सांगत नाहीत. आणि तरीही तोंडाने बोलवत नसेल तर पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून तो नुसता दाखवा. दादाच्या मुलीने आत्याचा असाच फोटो काढून दिला आहे, आणि आत्या आता तो दंतवैद्यालासुद्धा दाखवते.

तपासण्यांबद्दल काउंटरवर नेहमी विचारतात, म्हणून शेवटी ते. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन घेणाऱ्याला लघवीची गोळी सुरू होत असेल तर सुरू करण्याआधी एकदा आणि सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा सोडियम तपासून द्या का, असं डॉक्टरांना विचारा. त्याला उपाशी जावं लागत नाही. फिटच्या औषधाची रक्तातली पातळी बघायची असेल तर मात्र रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची. गोळी घेऊन गेलात तर आकडा चढलेला येतो आणि उगाच डोस कमी होतो. कार्बामाझेपिनची नेहमीची पातळी ४ ते १२, फेनिटोइनची १० ते २० मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला. नमुन्यावर आदल्या गोळीची वेळ लिहून घ्यायला सांगा, आणि रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक न्यूरॉलॉजिस्टच्या फाइलला, एक बीपीच्या.